चूक कमरेएवढ्या पाण्यात होते: किनाऱ्यावरून स्कूबा डायव्हिंग शिकणाऱ्या नागपूरकरांसाठी

नागपुरातून स्कूबा शिकायला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाला एकच काळजी असते: १८ मीटर खाली श्वास घेता येईल का? येतो. तोंडात धरून सिलेंडरमधली हवा देणारा रेग्युलेटर त्यासाठीच असतो. फजिती होते ती त्याच्या कितीतरी आधी, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पाण्यात. शोअर डाइव्हला बोट नसते, शिडीही नसते. वीस-पंचवीस किलोंचं सामान अंगावर घेऊन पुळणीवरून चालत समुद्रात शिरायचं आणि तसंच चालत बाहेर यायचं. हे पहिले आणि शेवटचे वीस मीटर स्विमिंग पूलमध्ये कोणी शिकवत नाही, कारण पूलमध्ये लाट नसते.

मालवणला एकदा वीस मिनिटांचा डाइव्ह केलेली मंडळी मला सांगतात, ‘‘आपल्याला येते नं बाप्पा.’’ त्या वीस मिनिटांत इन्स्ट्रक्टरने मागून सिलेंडर धरलेला असतो, बीसीडीची (हवा भरून तरंगायच्या जॅकेटची) बटणंही तोच दाबत असतो. तो अनुभव छान असतो, पण प्रशिक्षणात धरला जात नाही. खालचे टप्पे ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स करत असलेल्यांसाठी आहेत. इन्स्ट्रक्टरशिवाय यातलं काही समुद्रात करून पाहू नका. कोरड्या जमिनीवरचा सराव मात्र आजपासून सुरू करता येईल.

टप्पा १: नागपुरातच उरकायची कामं

१. आरोग्याची प्रश्नावली आधी भरा. कोर्सच्या सुरुवातीला दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, नियमित औषधं अशा गोष्टी विचारल्या जातात. एखाद्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागू शकते. ही सही किनाऱ्यावर पोचल्यावर मिळवायला गेलात तर दोन दिवस दवाखाने शोधण्यात जातात. आणि खोटं ‘नाही’ लिहू नका. दम्याची गोष्ट लपवली तर त्याचा हिशेब तुमच्या फुप्फुसांनाच द्यावा लागतो.

२. पोहणं पक्कं करा. बहुतेक कोर्समध्ये न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगत राहणं ही किमान अट असते. वेळेची मर्यादा नसते, त्यामुळे लोक गाफील राहतात. शोअर डाइव्हसाठी मी माझ्यापुरती वेगळी अट ठेवली आहे: मास्क, स्नॉर्केल (श्वासाची नळी) आणि फिन्स (पायातली पोहायची पाती) लावून ४०० मीटर पोहल्यावरही सलग बोलता आलं पाहिजे. धाप लागत असेल तर आणखी महिनाभर पूल.

३. थिअरी आणि पूलचा भाग कुठे होणार आणि समुद्रातले चार डाइव्ह कुठे, हे आधीच ठरवा. पहिला भाग एका ठिकाणी करून उरलेला दुसरीकडे पूर्ण करता येतो. त्यासाठी रेफरलचा कागद मिळतो आणि तो साधारण १२ महिने चालतो. पूलमधला कोणता सराव कधी झाला, याची इन्स्ट्रक्टरच्या सहीनिशी नोंद त्यावर असायला हवी. नसेल तर समोरचं सेंटर तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून बसवतं, आणि त्यांचं बरोबरच असतं.

४. ओझं घेऊन वाळूत चाला. ही आपली खरी कमजोरी. डांबरी रस्त्यावर रोज पाच किलोमीटर चालणारा माणूस भुसभुशीत वाळूत सिलेंडर घेऊन पन्नास पावलांत थकतो. उन्हाळ्यात कन्हान नदीचं पात्र उघडं पडतं. तिथल्या कोरड्या वाळूत, पाण्यापासून लांब, सकाळी सातच्या आत, पाठीवरच्या सॅकमध्ये १५ किलो घालून अर्धा तास चाला. आठवड्यातून दोनदा, असे सहा आठवडे. सॅकमध्ये तांदळाची पोती चालतात, विटा नकोत, त्या पाठीला टोचतात.

५. होकायंत्राचा सराव मैदानावर करा. कस्तुरचंद पार्क किंवा रेशीमबागेचं मैदान यासाठी झकास आहे. डोक्यावर टॉवेल असा घ्या की फक्त हातातलं होकायंत्र दिसेल. एक दिशा लावा, ६० पावलं चाला, १८० अंश वळा, ६० पावलं परत या. निघालेल्या जागेपासून तीन पावलांच्या आत आलात तर ठीक. लोक बघतील, हसतील, हसू द्या. बहुतेक जण पहिल्या दिवशी दहा पावलं चुकतात, कारण हात छातीसमोर सरळ न धरता तिरका धरतात. पाण्यातही हीच चूक होते, फक्त तिथे हसायला कोणी नसतं.

६. नवा मास्क घेतला असेल तर काचेच्या आतल्या बाजूला साधी पांढरी टूथपेस्ट लावून बोटाने चोळा, धुवा, असं तीन-चार वेळा करा. कारखान्यातून आलेल्या काचेवर पातळ थर असतो आणि त्यामुळे मास्क सतत धुकटतो. हे काम घरीच उरकावं. लाटांमध्ये उभं राहून धुकटलेल्या काचेतून बाहेर पाहणं म्हणजे अर्धं आंधळं होणं.

सावध: अंबाझरी, फुटाळा, खिंडसी किंवा कुठल्याही धरणाच्या पाण्यात ‘थोडी प्रॅक्टिस’ करायला जाऊ नका. पाणी गढूळ, तळाशी गाळ आणि जलपर्णी, वर मदतीला कोणी नाही. तलावात लाटाही नसतात, त्यामुळे जे शिकायचं आहे ते तिथे शिकता येतच नाही.

टप्पा २: पूलच्या सवयी मोडणं

पूलमध्ये नकळत लागलेल्या चार सवयी समुद्रात घात करतात. शेवटच्या दोन-तीन पूल सेशनमध्ये त्या मुद्दाम मोडा.

पहिली, वर आल्याबरोबर रेग्युलेटर तोंडातून काढणं. पूलमध्ये चालतं. किनाऱ्याजवळ पुढची लाट तोंडावर बसते आणि खारं पाणी घशात जातं.

दुसरी, मास्क कपाळावर चढवणं. माझ्या पहिल्या शोअर डाइव्हला मी हेच केलं. मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून मागच्यांशी बोलत होतो, मास्क कपाळावर. लाट आली, मास्क गेला. इन्स्ट्रक्टर काही बोलला नाही, फक्त किनाऱ्याकडे बोट दाखवलं. तो दिवस मी वाळूत बसून दुसऱ्यांचे बुडबुडे मोजले. मास्क डोळ्यांवर नसेल तर तो गळ्यात खाली ओढून ठेवा.

तिसरी, काठावर बसून आरामात फिन्स घालणं. समुद्राला काठ नाही. पाण्यात उभं राहून, एका हाताने बडीचा, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराचा, खांदा धरून, पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घेऊन फिन चढवायला शिका. दोन्ही फिन्स ३० सेकंदांत चढल्या पाहिजेत.

चौथी, तळ दिसतोय म्हणून बडीकडे न बघणं. पूलमध्ये २५ मीटरवरचा माणूस दिसतो. समुद्रात तीन मीटरवरचाही दिसेनासा होऊ शकतो.

तपासा: मास्कमध्ये पाणी भरून, रेग्युलेटर तोंडात ठेवून, फक्त तोंडाने श्वास घेत एक मिनिट राहता येतं का? येत नसेल तर समुद्राची तारीख पुढे ढकला. लाटेत मास्क सरकणं ही रोजची गोष्ट आहे.

टप्पा ३: जागा, महिना आणि तिथी

मालवण-तारकर्ली, ग्रँड आयलंड किंवा मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, इथले बहुतेक डाइव्ह बोटीवरून होतात. किनाऱ्यावरून चालत उतरून शिकायचं असेल तर अंदमानातल्या स्वराज द्वीपची, म्हणजे जुन्या हॅवलॉकची, बीच नंबर २ जवळची नेमो रीफ ही नवशिक्यांची नेहमीची जागा. परदेशात जाणारे बालीच्या तुलांबेनला जातात. तिथे लिबर्टी जहाजाचा सांगाडा किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर आहे, पण पुळण नाही, गोल गोटे आहेत. गोट्यांवर पाय मुरगळतात, म्हणून तिथे जाड तळव्याचे बूट लागतात.

जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्याचा विचारच नको. पुढच्या महिन्यांत तारीख ठरवताना नागपूरकर फक्त सुट्ट्या आणि रेल्वेचं वेटिंग बघतात. भरती-ओहोटी कोणी बघत नाही.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती मोठी, ओहोटी खोल, प्रवाह जोरदार. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी. पहिले शोअर डाइव्ह अष्टमी-नवमीच्या आसपास आले तर बरं. कोकणातला जुना हिशेबही लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. मालवणला वेळ थोडी वेगळी आणि अंदमानला तर लागूच नाही. तिथलं वेळापत्रक सेंटरकडून घ्या.

साधारण नियम असा की भरती पूर्ण होण्याच्या जरा आधी उतरावं आणि पाणी ओसरायला लागण्याआधी बाहेर यावं. ओहोटीत पाणी किनाऱ्यापासून दूर ओढतं. शिवाय अंदमानच्या उथळ किनाऱ्यावर पाणी बरंच मागे जातं आणि प्रवाळाच्या तुकड्यांवरून चालण्याची वेळ येते. तुमचे पाय सोलतात आणि प्रवाळही मरतं.

टप्पा ४: वजनाचा हिशेब नव्याने

नागपुरात शिकलेल्यांची सगळ्यात ठरलेली चूक इथे होते. पूलमध्ये बुडण्यासाठी कमरेच्या पट्ट्यात ४ किलो शिसं पुरलं म्हणून समुद्रातही ४ किलोच लावायचं, आणि मग दोन मीटर खाली जाता येत नाही म्हणून हातपाय झाडत बसायचं.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे ते तुम्हाला जास्त वर उचलतं. तुमचं वजन आणि सगळ्या सामानाचं वजन मिळून ९५ किलो असेल तर त्याचे अडीच टक्के, म्हणजे जवळपास अडीच किलो शिसं जास्त लागेल. पूलमध्ये नुसत्या स्विमसूटवर शिकला असाल आणि समुद्रात ३ मिलिमीटरचा वेटसूट घालणार असाल तर आणखी थोडं.

आकडा पाण्यात तपासूनच पक्का करा. छातीएवढ्या शांत पाण्यात बीसीडी पूर्ण रिकामी करा, नेहमीसारखा श्वास भरून धरा, स्थिर राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडालात तर वजन बरोबर. हे सिलेंडर भरलेला असताना करत असाल तर वर आणखी दोन किलो लावा. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलेंडरमधली १५० बार (हवेच्या दाबाचं माप) हवा वापरली की तो सुमारे दोन किलोंनी हलका होतो, आणि नेमकं शेवटी, उथळ पाण्यात, तुम्ही फुग्यासारखे वर येता.

सावध: ‘बुडत नाही’ म्हणून एकदम सहा किलो वाढवू नका. जास्त वजनाचा माणूस लाटेत पडला की उठत नाही. एकेक किलो वाढवा. आणि आधी बघा, नुसताच घाबरून श्वास छातीत भरून तर ठेवलेला नाही ना? निम्म्या वेळा कारण तेच असतं.

टप्पा ५: किनाऱ्यावरची पहिली वीस मिनिटं

गाडीतून उतरल्या उतरल्या वेटसूट चढवायची घाई नको. आधी वीस मिनिटं पाण्याकडे बघत बसा.

लाटा गटागटाने येतात: काही लहान, मग तीन-चार मोठ्या, मग पुन्हा शांतता. सातवी लाट मोठी असते वगैरे ऐकीव आहे. तुम्ही स्वतः मोजा. दोन मोठ्या गटांमध्ये किती सेकंद मिळतात ते घड्याळात बघा आणि बडीला सांगा. तेवढ्याच वेळात तुम्हाला फेस, म्हणजे लाटा फुटतात तो पट्टा, ओलांडायचा आहे.

मग पाण्याचा रंग बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या एका पट्ट्यात फुटतच नाहीत, पाणी जरा गढूळ आणि फेस समुद्राकडे चाललेला, तर तो रिप करंट, म्हणजे समुद्राकडे ओढणारा प्रवाह. नवख्या डोळ्यांना तीच जागा सगळ्यात शांत आणि उतरायला सोयीची वाटते. तिथून शिरू नका.

एखादं लाकूड किंवा नारळ पाण्यात तरंगत असेल तर ते डावीकडे सरकतंय की उजवीकडे, ते बघा. डाइव्हची सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध करायची म्हणजे परतताना तोच प्रवाह मदत करतो.

शेवटी बाहेर येण्याची जागा ठरवा. एक नाही, दोन. प्रत्येक जागेसाठी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, म्हणजे पुढचं माडाचं झाड आणि मागचा देवळाचा कळस. दोन्ही एकमेकांवर दिसले की तुम्ही बरोबर समोर आहात.

तपासा: लाटा गुडघ्यापर्यंत असतील तर ठीक. मांडीपर्यंत असतील तर इन्स्ट्रक्टर ठरवेल. कमरेच्या वर असतील तर शिकाऊ माणसाचा डाइव्ह रद्द. एवढ्या दुरून आलो, पैसे भरले, ही कारणं पाण्याला सांगून उपयोग नाही.

किनाऱ्यावर एक माणूस कोरडा ठेवा. त्याच्याकडे फोन, तुमची उतरण्याची वेळ आणि परतण्याची वेळ. इमर्जन्सीसाठी ११२, समुद्रातल्या शोधासाठी तटरक्षक दलाचा १५५४.

टप्पा ६: सामान चढवण्याचा क्रम

इथे फार बोलण्यासारखं नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. सामान वाळूत नाही, ताडपत्रीवर जोडा. रेग्युलेटरच्या आत वाळूचा कण गेला तर तो उघडाच राहून हवा सोडत सुटतो. बीसीडीच्या हवा भरायच्या बटणात वाळू अडकली तर बटण दाबलेलंच राहतं आणि नको तेव्हा तुम्ही वर फेकले जाता.

आधी सिलेंडर-बीसीडी जोडून हवा तपासा. गेज २०० बारच्या आसपास हवं. दोन्ही रेग्युलेटरमधून चार-चार श्वास घ्या आणि घेताना गेजचा काटा बघा. काटा प्रत्येक श्वासाला हलत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. मग वेटसूट, मग वजन, मग बीसीडी. वेटसूट शेवटपर्यंत अर्धाच ठेवा, कमरेपर्यंत. उन्हात पूर्ण वेटसूट घालून अर्धा तास गप्पा मारल्या की पाण्याआधीच चक्कर येते. आपण नागपूरकर मे महिन्यातल्या उन्हाचा अभिमान बाळगतो, पण रबराच्या कपड्यात तो अभिमान टिकत नाही.

मग बडीने एकमेकांचं तपासायचं, हात लावून: बीसीडी फुगते आणि रिकामी होते का, वजनाचा पट्टा उजव्या हाताने एका झटक्यात सुटतो का, बाकीचे बकल कुठे आहेत, हवा किती, काही लोंबकळतंय का. नुसतं ‘सब ठीक’ म्हणणं तपासणीत धरत नाही.

टप्पा ७: पाण्यात शिरणं

पाण्याला पाय लागण्याआधी चार गोष्टी झालेल्या असाव्यात: मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडी साधारण अर्धी फुगलेली, बडी बाजूला. बाजूला म्हणजे किनाऱ्याला समांतर. एकामागे एक नाही. पुढच्याला लाटेने उचललं तर तो सिलेंडरसकट मागच्याच्या अंगावर येतो.

पाणी शांत असेल तर:
१. फिन्स हातात घ्या, पट्ट्यात मनगट अडकवा.
२. पाय उचलून टाकू नका, तळ घासत चाला. वाळूत पाकट (चपटी, काट्याची मासळी) दडलेली असते. पाय घासत गेलं की ती सरकते, वरून पाय पडला की काटा मारते.
३. कमर ते छातीएवढ्या पाण्यात थांबा, बडीचा खांदा धरा, एकेक फिन चढवा. बडीचं झालं की लगेच आडवे होऊन पोहायला लागा.

लाटा असतील तर:
१. ओल्या वाळूच्या रेषेवरच फिन्स चढवा. फेसात उभं राहून फिन्स घालायला जाऊ नका, सगळ्यात जास्त लोक तिथेच पडतात.
२. फिन्स घालून पुढे तोंड करून चालता येत नाही, पात्याचं टोक वाळूत रुततं. मागे किंवा तिरकं चाला आणि खांद्यावरून सतत समुद्राकडे बघत राहा.
३. मोठ्या लाटांचा गट संपला की निघा. मध्ये थांबू नका.
४. लाट येताना दिसली की कूस तिच्याकडे करा. पाय फाकवून गुडघे वाकवा, एका तळहाताने मास्क आणि रेग्युलेटर चेहऱ्यावर दाबून धरा. लाट जाऊ द्या. मग लगेच पुढे.
५. पाणी मांडीच्या वर आलं की चालणं सोडा, आडवे व्हा, फिन्स मारा. चालत राहणारा थकतो, पोहणारा पार होतो.
६. फेसाच्या पलीकडे गेल्यावरच थांबा. बीसीडी पूर्ण फुगवा, श्वास शांत होऊ द्या, किनाऱ्यावरच्या माणसाला डोक्यावर मूठ ठेवून ठीक असल्याची खूण करा.

पडलात तर? उभं राहायचा प्रयत्न करू नका. हे वाक्य तीनदा वाचा. पाण्यात आडवं पडलेलं असताना पाठीवरचं ओझं पाणी उचलतं, उभं राहताना ते सगळं तुम्ही उचलता आणि तेवढ्यात पुढची लाट येते. रेग्युलेटर तोंडात आहे, हवा आहे, मग घाई कसली? पोटावर राहून रांगत किंवा पोहत पुढे व्हा.

सावध: रिप करंटमध्ये सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका. बीसीडी फुगवा, किनाऱ्याला समांतर पोहा. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलात की मग वळा. दम लागला तर तरंगत राहा आणि एक हात वर करून हलवा. ती मदतीची खूण आहे, म्हणून कोणाला ‘हाय’ करायला हात हलवू नका.

टप्पा ८: खाली, आणि परतीची वेळ

खाली जाण्याआधी पृष्ठभागावरूनच होकायंत्र लावा. पश्चिमेला, म्हणजे २७० अंशांवर निघत असाल तर परतीचा आकडा ९०. दोन्ही आकडे पाटीवर लिहा. लक्षात ठेवेन म्हणणारा पाण्याखाली विसरतो.

कान उतरायला लागल्याक्षणी मोकळे करा आणि प्रत्येक मीटरला पुन्हा. दुखेपर्यंत थांबायचं नाही. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत जाताना दाब दुप्पट होतो, म्हणून कानाला सगळ्यात जास्त त्रास उथळ पाण्यातच होतो. शोअर डाइव्हमध्ये तर तुम्ही बराच वेळ त्याच थरात असता, वर लाटांमुळे खोली सतत बदलते. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. गोळी घेऊन उतरलात तर तिचा असर खालीच संपू शकतो आणि वर येताना कान-सायनसमध्ये हवा अडकते.

उताराला धरून हळूहळू खोल जा. कोर्सचे पहिले दोन डाइव्ह १२ मीटरपर्यंत, नंतरचे १८ पर्यंत.

हवेचा हिशेब तिहाईचा: एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. २०० बारने निघालात तर १३० ला वळा. दोघांपैकी ज्याचा काटा आधी १३० ला येईल त्याच्यासोबत दोघंही वळतात. बोटीवरच्या डाइव्हमध्ये ५० बारला वर येऊन खूण केली की बोट जवळ येते. इथे कोणी येत नाही, तुम्हालाच किनाऱ्यापर्यंत जायचं आहे.

तपासा: बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट आजूबाजूला शोधा, नंतर सावकाश वर या. तोही तेच करेल, असं उतरण्याआधीच ठरलेलं असू द्या.

टप्पा ९: बाहेर येणं

शिरण्यापेक्षा हे अवघड, कारण आता तुम्ही दमलेले असता, सिलेंडर हलका झालेला असतो आणि लाट पाठीमागून येते.

वर येण्याआधीचा पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सुरक्षेचा थांबा उतारावरच पोहत पोहत पूर्ण करा. मग फेसाच्या बाहेर, जिथे अजून लाट फुटत नाही, तिथे वर या. थांबा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या का? आत असताना लाटा वाढल्या का? पुन्हा गट मोजा. निदान ५० बार शिल्लक असतील तर घाई करायचं कारण नाही.

गटातली शेवटची मोठी लाट पुढे गेली की तिच्या मागोमाग पोहत निघा. रेग्युलेटर तोंडात, मास्क डोळ्यांवर. पोहत राहा, हाताला वाळू लागेपर्यंत. लोक इथेच उतावीळ होतात: पाणी कमरेएवढं झालं की उभे राहतात, फिन्स काढायला वाकतात, पाठ समुद्राकडे. पुढची लाट त्यांना तोंडावर पाडते आणि वरून सिलेंडर मानेवर बसतो.

हाताला वाळू लागली की रांगा. हातांवर आणि गुडघ्यांवर, लहान बाळासारखं, फेसाच्या रेषेच्या पलीकडे. पुळणीवरची पोरं फोटो काढतील. काढू द्या. फिन्स तिथे बसून काढा, रेग्युलेटर तिथेच तोंडातून काढा. रांगायची लाज वाटणारा माणूस मी लाटेत दोनदा पडताना पाहिला आहे, रांगणारा एकदाही नाही.

बडी अजून पाण्यात असेल तर त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये उभे राहू नका. बाजूने मदत करा. लाटा खूपच वाढल्या असतील तर बाहेरच थांबून शिट्टी वाजवा आणि ठरवलेल्या दुसऱ्या जागेकडे जा. ती जागा आधी पाहिलेली असण्याचा उपयोग आत्ता होतो.

टप्पा १०: धुणं आणि घरी परतणं

सामान गोड्या पाण्यात बुडवण्याआधी रेग्युलेटरच्या पहिल्या (सिलेंडरला जोडायच्या) भागावरची टोपी कोरडी करून घट्ट लावा. पाण्यात असताना रेग्युलेटरचं पर्ज (हवेने पाणी बाहेर फेकायचं) बटण दाबू नका, आत पाणी शिरतं. बीसीडीच्या आतही पाणी घालून हलवून काढा. फिन्सच्या पट्ट्यांतली वाळू राहिली तर ती पुढच्या वेळी पट्टा तोडते.

परतीचं तिकीट काढताना एक गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते. एकच डाइव्ह केला असेल तर विमानाआधी किमान १२ तास, दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस केले असतील तर किमान १८ तास. कोर्सचे डाइव्ह एकापेक्षा जास्त असतात, म्हणून तुमच्यासाठी १८च धरा. अंदमानात शेवटचा डाइव्ह सकाळी करून दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं विमान घेतलं की हे सहज जमतं.

कोकणातून गाडीने येणाऱ्यांना वाटतं की आपण विमानात बसत नाही, मग प्रश्न काय? प्रश्न घाटाचा आहे. हाच नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीलाही लावतात आणि आंबोली जवळपास ७०० मीटरवर आहे. दुपारी डाइव्ह संपवून संध्याकाळी आंबोली घाट चढलात तर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन सांध्यांत दुखू शकतो. रात्र मालवणात काढा, मासे खा, दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा निघा. नागपूर स्वतः सुमारे ३१० मीटरवर आहे, त्यामुळे घरी पोचल्यावर काही अडचण नाही. कुडाळहून कोकण रेल्वेने मुंबईमार्गे येणार असाल तर बराच प्रवास समुद्रसपाटीच्या जवळून होतो, पण पुढे कसारा घाट चढून इगतपुरी लागते आणि तीही जवळपास ६०० मीटरवर. शेवटच्या डाइव्हपासून तिथपर्यंतचे तास मोजा आणि मगच कुडाळहून कोणती गाडी धरायची ते ठरवा.